चोरून आणलेला अक्कलकारा

माझ्या सासरी बोलण्याची टंचाई कधीच नव्हती. सासूबाई पहाटे उठून आधी शेगडीशी बोलायच्या, मग दुधाच्या भांड्याशी, मग आमच्याशी. आम्ही उत्तर दिलं नाही तरी त्यांचं काही अडायचं नाही, कारण उत्तरही त्याच देऊन मोकळ्या व्हायच्या. आमच्या ह्यांचं बोलणं निराळ्या जातीचं. शाळेत शास्त्राच्या विषयात आपला पहिला नंबर असे, ही गोष्ट त्यांनी मला लग्न झालं त्याच आठवड्यात सांगितली आणि पुढं बहुतेक दर आठवड्याला सांगितली. साधं वरण का उतू जातं हे समजावून दिल्याशिवाय त्यांना ते वरण खाववत नसे. मी पुण्याच्या पेठेतली, तेव्हा माझ्याविषयी वेगळं काही सांगायला नको. त्यात शेजारच्या खोलीत रत्नागिरीकडची एक बाई राहायची. मधली भिंत छपरापर्यंत गेलेली नव्हती, आणि त्या वरच्या फटीतून ती आमच्या प्रत्येक बोलण्यात आपला वाटा उचलायची.

अशा घरात आमची लेक चार वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीच्या माळावर तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, आणि त्यातल्या एकात हे फिटर होते. कारखान्याजवळच्या चाळीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. भोंगा झाला की पुरुष जायचे, भोंगा झाला की यायचे, आणि मधल्या वेळात चाळीतल्या बायका माझ्या लेकीविषयी बोलायच्या. कोणी म्हणे जीभ जड आहे, कोणी म्हणे नजर लागली आहे. एकीनं तर माझ्यादेखत सांगितलं की गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली असणार. मी तिला तिथंच विचारलं, की तुमच्या घरात सगळेच इतकं बोलतात ते तुम्ही ग्रहणात काय चिरलंत म्हणून. ती आठ दिवस बोलली नाही. चाळीत तेवढीच शांतता झाली.

पण बाहेर तोंड चालवलं तरी आतून मी धास्तावलेली होते. मुलगी ऐकत सगळं होती. तांब्या आण म्हटलं की आणायची, बाबांचा डबा कुठं आहे विचारलं की बोट दाखवायची. पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीमागं टाळी वाजवली, मग पत्र्याचा डबा आपटला. तिनं वळून त्यांच्याकडे असं पाहिलं, की डॉक्टरच ओशाळले. म्हणाले, कान उत्तम आहेत, जिभेत दोष नाही, थोडं थांबा. थांबणं हे औषध आमच्या घरात कोणालाच मानवणारं नव्हतं.

आणि थांबायला सवडही नव्हती. माझे थोरले दीर पुण्याला असत, आणि घरातले मोठे निर्णय तेच घेत. आषाढात ते आले, मुलीला मांडीवर घेऊन तासभर बोलकं करायचा प्रयत्न केला, आणि जाताना सांगून गेले की पुण्यात मुक्या मुलांसाठी शाळा आहे, तिथंच राहायची सोय आहे. दिवाळीपर्यंत बोलली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर तिला तिथं ठेवू. महिन्यातून एकदा भेटता येतं, असंही म्हणाले. थोरल्या भावापुढं ह्यांच्या शास्त्राला तोंड फुटत नसे. मी त्या रात्री लेकीच्या अंगावर हात टाकून झोपले आणि मनाशी ठरवलं की हिला मी देणार नाही. पण कसं देणार नाही, ते काही केल्या सुचत नव्हतं.

उपाय सुचला तो सासूबाईंना. त्यांचं माहेर चाकणच्या पुढं, भामा नदीच्या काठचं. त्यांचा एक चुलत भाऊ म्हणे पाच वर्षांचा होईपर्यंत मुका होता. मग त्याच्या जिभेखाली अक्कलकाऱ्याचं फूल मधातून चोळलं आणि तो बोलू लागला. पुढं तो गावचा सरपंच झाला, आणि त्यानंतर गावात दुसरं कोणी बोललं नाही. हा शेवटचा भाग माझा, सासूबाईंचा नव्हे.

अक्कलकारा हे नाव मी ऐकलेलं होतं. दात दुखला की पुण्यात ते मूळ आणून दाढेत धरत. म्हणून पहिल्यांदा आम्ही सासू-सुना मुलीला घेऊन चाकणच्या बाजाराला गेलो. तिथं वनस्पतींच्या औषधांचं दुकान मांडून बसणारे एक अत्तार होते, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी मुलीला पाहिलं आणि मूळ पुडीत बांधायला साफ नकार दिला. हे परदेशी मूळ फार जहाल, लेकराचं तोंड सोलून निघेल. आजी म्हणतात तो गावठी अक्कलकारा, त्याचं ओलं फूल लागतं, आणि वाळवलं की त्याचा जोर जातो, म्हणून ते दुकानात कोणी ठेवत नाही. ओलीच्या जागी उगवतो, पिवळं फूल, चावलं की जिभेला मुंग्या येतात, हीच खूण. एवढं सांगायला त्यांना फार थोडा वेळ लागला. उरलेल्या वेळात त्यांनी आम्हाला मध, वावडिंग आणि सुंठ विकली आणि आपल्या तीन जावयांची हकीकत सांगितली. आमच्या घरात ते सहज खपून गेले असते.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांच्या चेहऱ्यावर इतका उत्साह मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. वनस्पती ओळखणं म्हणजे शास्त्र, आणि शास्त्रात पहिला नंबर कोणाचा. दुसऱ्या दिवसापासून पाळी संपली की हे माळावर फिरू लागले आणि रिकाम्या जेवणाच्या डब्यात पिवळ्या फुलांचं गवत भरून आणू लागले.

पहिल्या दिवशी आणली ती एकदांडी. लांब दांडा आणि त्यावर एकुलतं एक फूल. शेतात कोयता लागला की सगळे तिचा पाला जखमेवर चोळतात, त्यामुळे ती ओळखायला शास्त्र लागत नाही. ह्यांनी ती तरीही चावून पाहिली. काही झालं नाही. मग एक काटेरी पानांचं गवत आणलं, ते तोडल्यावर दुधासारखा चीक निघाला. ते कडू लागलं. मग माका आणला, पांढऱ्या फुलांचा. मी म्हटलं, फूल पिवळं सांगितलंय. हे म्हणाले, कूळ एकच आहे, आणि कूळ एक असलं की गुण उतरतातच. मूठभर माका चावून हे पाळीवर गेले. माक्याचा रस हवा लागली की काळा पडतो, हे सांगायचं मला सुचलं होतं, पण मी सांगितलं नाही. त्या दिवशी कारखान्यात ह्यांचे दात पाहून साहेबानं घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

सासूबाईही मागं नव्हत्या. त्यांनी ते रोप लहानपणी पाहिलेलं, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. पण दर वेळी त्यांना ते निराळं आठवायचं. एकदा पानं बोटाएवढी, एकदा तळहाताएवढी. एकदा रोप जमिनीवर पसरतं, एकदा कमरेला लागतं. ह्यांनी आणलेली जुडी समोर टाकली की त्या आधी म्हणायच्या, व्हय, ह्योच. आणि चावून काही झालं नाही की म्हणायच्या, न्हाई, मी तवाच म्हनलं हुतं. शेजारीणबाई फटीतून सांगायच्या की त्यांच्याकडे असलं काही उगवतच नाही, त्यांच्याकडे मुलं वेळेवर बोलतात.

श्रावण असा गवत चावण्यात गेला. घरात गोठा असल्यासारखं वाटायचं. मला ह्या सगळ्याचं हसू यायचं आणि रात्री त्याच हसण्याचा राग यायचा, कारण दिवस जात होते आणि मुलगी कोपऱ्यात बसून शांतपणे आमचे चावणारे चेहरे बघत होती.

शेवटी तो सापडला काळेवाडीत, आणि तो शोधायला कोणी गेलंच नव्हतं. नदीपलीकडे काळेवाडीच्या एका मळ्यात स्वस्त भाजी मिळायची, म्हणून मी आणि सासूबाई मुलीला घेऊन गेलो होतो. मळेवाला वांगी तोडत होता. मुलगी विहिरीच्या पाटाकडेला जाऊन बसली. पाण्याच्या कडेनं गुडघ्याएवढी हिरवी रोपं दाटली होती. पानं दोन-दोन समोरासमोर, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला लांब देठावर हरभऱ्याएवढा पिवळा गोंडा. पाकळ्या अजिबात नाहीत. गोंडा मधे वर निमुळता झालेला, शेंड्याला जरा तपकिरी. मुलीनं एक गोंडा तोडून माझ्यापुढं धरला. मला आता कुठलंही गवत तोंडात घालायची सवय झालेली होती. मी तो दाताखाली धरला.

आधी गवताची चव. मग जिभेचा शेंडा चुरचुरला, मग साऱ्या जिभेवर मुंग्या धावल्या आणि तोंडात पाणी सुटलं ते आवरेना. मी सासूबाईंना हाक मारायला गेले तर शब्द धड निघेना. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि मटकन पाटाकडेलाच बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस त्यांनाही खात्री नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

मळेवाला म्हणाला, न्या की आत्याबाई लागंल तेवढं, गवातच हाय, मला उद्या पाट साफ करायचाच हाय. झालं. एवढं म्हटल्यावर कोणीही चार रोपं उपटून घरी आलं असतं. पण सासूबाई हात मागं घेऊन उभ्या राहिल्या. मागून नेलेल्या झाडाला गुण येत नाही, चोरून नेलेल्याला येतो. हे त्यांच्या गावात लहान पोरालाही ठाऊक. आता मालकानं तोंडानं न्या म्हटल्यावर ती चोरी कशी होणार? त्यांनी त्याला बजावलं की तू आत्ता जे बोललास ते परत घे.

तो बिचारा वांग्याची पाटी हातात धरून विचार करत राहिला. मग म्हणाला, बरं, नेऊ नका.

"आता तिकडं त्वांड कर," सासूबाई म्हणाल्या. "आन् मागं बघू नगंस."

तो आज्ञाधारकपणे नदीकडे तोंड करून उभा राहिला. सासूबाईंनी पदर कमरेला खोचला, दोन्ही बाजूंना पाहून घेतलं आणि मुळासकट रोपं उपटून पदराखाली लपवली. मीही दोन घेतली. लेकीनं आमचं पाहून एक गोंडा मुठीत लपवला. मग आम्ही पळालो. सासूबाईंच्या मते चोराला पळावंच लागतं. बांधावरून एक साठीची बाई, तिची सून आणि नात पळताहेत आणि मागं मालक पाठमोरा उभा आहे, अशी ती चोरी. आम्ही बरंच लांब गेल्यावर त्यानं ओरडून विचारलं, आता वळू का म्हणून. वांगी तिथंच राहिली होती, ती त्यानं दुसऱ्या दिवशी चाळीत पाठवून दिली.

सासूबाईंचा पुढचा नियम असा की औषध द्यायचं ते दसऱ्याला. मुहूर्ताचा दिवस, शिवाय पाटीपूजनाचा, सरस्वतीचा. जिभेचं काम त्या दिवशी नाही करायचं तर कधी. आणि फूल आपल्या दारात उमललेलं पाहिजे. म्हणजे चोरून आणलेलं रोप दसऱ्यापर्यंत जगवणं आलं.

रोप लावण्याचं काम ह्यांनी हातात घेतलं. वनस्पतीला सूर्यप्रकाश लागतो, यावर सकाळभर बोलून त्यांनी ती सगळी रोपं तुळशीशेजारी भर उन्हात ओळीनं लावली. संध्याकाळपर्यंत ती माना टाकून आडवी झाली. ह्यांनी दुसऱ्या दिवशी मुळांवर भाषण दिलं. मला त्या रोपांची पाटाकडेची जागा आठवत होती, निम्मी सावली आणि पायाखाली सदा ओल. हे पाळीवर गेल्यावर मी त्यातल्या जिवंत राहिलेल्या फांद्या कापल्या आणि मागं मोरीचं पाणी जिथून वाहत जायचं तिथं, चिखलात, आडव्या दाबून टाकल्या. जिथं जिथं पेर मातीला टेकलं तिथं तिथं मूळ फुटलं. हे रोप इतकं सोशिक आहे की त्याला जागा बरी द्या आणि शिकवू नका, एवढंच त्याचं मागणं. शेंडे खुडत गेले तसं ते दाट होत गेलं. मोरीच्या पाण्यानं वाढलेलं औषध देवाच्या दिवशी कसं चालेल, अशी शंका शेजारीणबाईंनी फटीतून काढली. सासूबाई म्हणाल्या, कमळ कुठं वाढतं, आणि विषय संपला.

लेकीला त्या वाफ्याचं वेड लागलं. ती वाटीनं पाणी घालायची आणि उकिडवी बसून कळ्या बघायची. एक दिवस धावत आली आणि माझा पदर ओढू लागली. सासूबाई म्हणाल्या, भूक लागलीया. हे म्हणाले, नाही, तहान. उन्हात खेळल्यावर शरीरातलं पाणी कमी होतं. शेजारीणबाई म्हणाल्या, मांजराला भ्याली असेल. मी म्हटलं, झोप आली असेल, आणि तिला उचलून अंथरुणाकडे नेऊ लागले. तेव्हा तिनं माझ्या हाताला चावा घेतला आणि मला फरफटत मागच्या दारी नेलं. पहिली कळी पिवळी झाली होती. मी हाताचे वळ चोळत तिच्याशेजारी बसले आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

एकदा ह्यांनी एक गोंडा तोडून ताटाच्या पाठीवर टाचणीनं उकलला आणि सगळ्यांना बोलावलं. त्या दिवशी मात्र मी मनापासून ऐकलं. हे म्हणाले, हे एक फूल नव्हेच, शेकडो बारीक फुलं एकाच बैठकीवर दाटीवाटीनं बसलेली आहेत. प्रत्येकाचं स्वतंत्र बिऱ्हाड, आपल्या चाळीसारखं. सूर्यफूल, शेवंती, झेंडू, सगळं हे एकच कूळ. खरोखर टाचणीच्या टोकावर एकेक नळीसारखं, वाळूच्या कणाएवढं फूल निघत होतं. लेक श्वास धरून बघत होती. सासूबाईंनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, मग ह्या चाळीत पाणी कुठनं भरतात?

दसरा उजाडला. मोरीकडेचा वाफा पिवळ्या गोंड्यांनी भरला होता. कारखान्याला सुट्टी होती. सकाळी पाटीपूजन झालं, अवजारांना झेंडूची फुलं वाहून झाली. मी बासुंदीसाठी दूध आतल्या खोलीत शेगडीवर आटवायला ठेवलं. लेकीला नवा परकर नेसवून बाहेरच्या खोलीत पाटावर बसवलं. ती माझ्याकडे इतक्या विश्वासानं बघत होती की मी नजर टाळून तिचा परकर पुन्हा सारखा केला. हा उपाय चालला नाही तर पुढं दिवाळीच होती. शाळेची ती इमारत मी पाहिलेली नव्हती, पण तिथली एक लोखंडी खाट रोज रात्री माझ्या डोळ्यांपुढं यायची, आणि तिच्यावर निजलेलं हे एवढंसं पोर. तिला रात्री पाणी हवं झालं तर तिथं कोणाचा पदर ओढील, हे मला सहन होत नव्हतं.

सासूबाईंच्या माहेरची रीत अशी, की औषध देण्याआधी घरातल्या सगळ्यांनी ते आपल्या जिभेला लावायचं. जे आपण खात नाही ते लेकराला कसं द्यायचं, असं त्या म्हणाल्या, आणि मला ते पटलं. किती लावायचं हे मात्र त्यांना आठवेना. बहुधा कणभरच असावं. पण ह्यांनी प्रमाण मांडलं. औषध वजनाच्या हिशेबात द्यायचं असतं. मुलीला पाव फूल, तर मोठ्या माणसाला निदान एक अख्खं. सासूबाई म्हणाल्या, मी घरातली वडील, मी दोन घेणार. तेवढ्यात शेजारीणबाई सोनं द्यायला आल्या. आल्यासारखं त्यांनीही एक घेतलं.

चौघांनी एकदम चावलं.

हे म्हणाले, "आता जिभेतले मज्जातंतू" आणि तिथंच थांबले. त्यांच्या तोंडातून पुढं शब्द आला नाही, लाळ आली. सासूबाईंनी डोळे मोठे केले आणि पदराचा बोळा तोंडाला लावला. शेजारीणबाई काहीतरी म्हणाल्या ते "ब्ब" असं ऐकू आलं, मग त्याही पदर शोधू लागल्या. माझी जीभ मला कुठं आहे तेच कळेना. ओठ दुसऱ्याचे असल्यासारखे. तोंडाला नुसत्या धारा. काळेवाडीला मी गोंडा नुसता दाताखाली धरला होता. अख्ख्याची गोष्टच वेगळी होती. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत, हातवारे करत, तोंड पुसत बसलो.

आणि घरात शांतता झाली. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून अशी शांतता मी ऐकली नव्हती. बाहेर चिमण्या होत्या हे कळलं. लांबून आगगाडी गेली, ती सगळी जाईपर्यंत ऐकू आली.

लेक पाटावर बसून आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. आजीकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. शेजारीणबाईंकडे पाहून ती जरा थांबली, जणू त्या आता काहीतरी म्हणतील. कोणीच काही म्हटलं नाही. मग ती माझ्याकडे वळली.

"आई, दूध उतू चाललंय," ती म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. कोणीतरी आलं असावं असंच आम्हाला वाटलं. दारात कोणी नव्हतं.

"दूध," ती पुन्हा म्हणाली, जरा सावकाश, मंद बुद्धीच्या माणसाला समजावून सांगावं तसं. "उतू चाललंय. करपल्याचा वास येतोय."

आवाज थोडा घोगरा होता, पण शब्द अख्खे होते, धुतल्यासारखे स्वच्छ. मला तिला हाक मारायची होती. बाळा म्हणायचं होतं, पुन्हा बोल म्हणायचं होतं, काय काय म्हणायचं होतं. जीभ हलेना. मी नुसती तोंडावर हात धरून रडू लागले. हेही रडत होते आणि त्यांची लाळ आणि अश्रू एकच झाले होते. आतून चर्र आवाज आला, दूध शेगडीवर सांडत होतं, आणि आमच्यातलं कोणी उठलं नाही.

आम्ही उत्तर देत नाही म्हटल्यावर ती पुढं बोलू लागली. शेगडी विझंल म्हणाली. आजीच्या तोंडातनं पानी येतंय, आन् बाबा गप हायेत. आजीचा "हाय" तिच्यात होता, ह्यांचा "म्हणजे" होता, माझा पुणेरी ठसका होता, आणि मधेच एक हेल थेट रत्नागिरीचा, तो ऐकून शेजारीणबाईंना हुंदका फुटला. चार वर्षं तिनं सगळं साठवून ठेवलं होतं, आणि आम्ही तिला कधी शिरायला फट ठेवली नव्हती. तिच्या वाटणीचं पाव फूल मधाच्या वाटीत तसंच पडून होतं. ते द्यायचं राहूनच गेलं. माझ्या डोळ्यांपुढची ती लोखंडी खाट मात्र त्या क्षणी गेली ती कायमची.

बऱ्याच वेळानं जिभांवरच्या मुंग्या उतरू लागल्या. तोवर लेकीनं वाफ्याविषयी सांगायला घेतलं होतं, की त्यातला एक गोंडा वाकडा आहे आणि त्याच्यावर मुंगी चढते. सगळ्यांत आधी सुटली ती ह्यांची जीभ. हे पुढं सरकले, घसा साफ केला आणि म्हणाले, "याचं कारण असं, की..."

सासूबाईंनी आपला हात सरळ त्यांच्या तोंडावर दाबला.

"गप ऱ्हा," त्या बोबड्या, जड जिभेनं म्हणाल्या. "आदी तिचं व्हऊ दे."

मग आम्ही चौघं मोठी माणसं मांडी घालून, करपल्या दुधाच्या वासात, तिचं बोलणं संपायची वाट बघत बसलो.